धुराची बाटली

मे महिन्यात चार दिवस रत्नागिरीला घरी जाऊन आलो. बॅगेत ड्यूटी-फ्रीमधून आणलेली एक बाटली होती. बिग पीट, ख्रिसमस एडिशन, कास्क स्ट्रेंथ.

ब्लेंडेड माल्ट म्हटलं की आमच्या टीममधले शौकीन नाक मुरडतात. "ब्लेंड होय?" अरे बाबांनो, यात ग्रेन व्हिस्कीचा थेंबही नसतो. एकापेक्षा जास्त डिस्टिलऱ्यांचे सिंगल माल्ट एकत्र केले की झाला ब्लेंडेड माल्ट. पूर्वी याला व्हॅटेड माल्ट म्हणायचे, २००९ च्या स्कॉच नियमांनी नाव बदललं. (नाव बदलून गोंधळ वाढवायची खोड फक्त आपल्याच फील्डमध्ये नाही!) यातली अर्डबेग, कल ईला, बोमोर वगैरे सगळी मंडळी आयला बेटावरची. तिथे मोड आलेलं सातू पीटच्या, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या झाडपाल्याच्या धुरावर वाळवतात. कास्क स्ट्रेंथ म्हणजे पिंपातून निघाली तशीच, पाणी न घालता भरलेली. आपली नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्के, ही पन्नाशीच्या वर.

पण बाटली नेण्याचं कारण वेगळं होतं. बाबांचं नाक २०२१ च्या कोविडमध्ये गेलं ते गेलंच. अढी उघडून कुठला हापूस आज खायचा, कुठला परवा, हे जो माणूस नुसत्या वासावर सांगायचा, त्याच्या घरात आता ते आई सांगते. बाबा त्यावर कधी बोलत नाहीत. मला वाटलं, एवढा दणदणीत धूर तरी कळेल.

पडवीत बसलो. मला पहिल्याच वासाला टिंक्चर आयोडीन, सुके बोंबील आणि न्हाणीघरातला बंब. बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि दचकले. "झणझणतंय रे!" मी खूष. मग आठवलं, अल्कोहोलचा चटका हा वासच नव्हे, तो वेगळ्या मज्जातंतूला कळतो. कांद्याने डोळे चुरचुरतात तसं.

२०१७ साली दोन स्वीडिश संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं होतं की पाणी घातलं की ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणून ३० मिलीत १० मिली पाणी घातलं. (आई: "एवढी महागाची आणून पाणीच घालताय?")

बाबांनी डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. "भाजावळ," ते म्हणाले.

"खरंच येतोय वास?"

"तूच म्हणालास ना मघाशी, धूर म्हणून."

पुढे काही बोलले नाहीत. पण ग्लास संपल्यावरही नाकाशी धरून बसले होते. मीही जास्त खोदून विचारलं नाही.

सकाळी उठलो तर बाबा माळ्यावर, पेंढा बाजूला करून बसलेले. एक आंबा नाकाशी नेला, थांबले, मग अंगठ्याने देठापाशी दाबून पाहिला आणि मला दिला.

आत थोडा आंबट होता. मी सगळा खाल्ला.