अर्जातला एक रकाना

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी दहा दिवस जपानला जाऊन आले. किल्लारीजवळच्या एका खेड्यातली, पुण्यात एम.एस्सी. करणारी मुलगी जपानला कशी पोहोचली, हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून ते आधी सांगते. जपानच्या परराष्ट्र खात्यातर्फे २००७ पासून तरुणांसाठी 'जेनेसिस' नावाचा कार्यक्रम चालतो. निरनिराळ्या देशांतल्या मुलामुलींना गटाने बोलावतात, टोकियोत व्याख्याने होतात, संस्था दाखवतात आणि दोन रात्री एखाद्या जपानी कुटुंबात राहायला पाठवतात. आमच्या सरांनी अर्ज भरायला लावला, निवड झाली, अब्बूंनी पासपोर्टसाठी लातूरला चकरा मारल्या आणि दादीने दंडावर इमामे-जामिन बांधला.

टोकियोबद्दल, बुलेट ट्रेनबद्दल आणि तिथल्या स्वच्छतेबद्दल खूप जणांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते अर्जातल्या एका रकान्याबद्दल.

रकाना जेवणाचा होता. शाकाहारी, हलाल, काही बंधन नाही. एकावर खूण करायची. आमच्या तेवीस जणांच्या गटात मुसलमान मी एकटीच होते. दिल्लीला निघण्यापूर्वीच्या बैठकीत हा रकाना आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, किंवा मला तसे वाटले. मी पटकन 'शाकाहारी'वर खूण केली. "बरं झालं, एक काळजी मिटली," कोणीतरी म्हणाले. मलाही हायसे वाटले.

घरी आम्ही शाकाहारी नाही, हे वाचकांना सांगायला नको. पण ही सवय मला जपानच्या अर्जाने लागली नव्हती. पुण्यात खोली शोधताना तीन ठिकाणी माझे नाव ऐकताच खोली 'कालच गेली' होती. चौथ्या ठिकाणी नाव सांगायच्या आधीच मी म्हणाले, "काकू, मी व्हेजच आहे हं." खोली मिळाली. तेव्हापासून हे वाक्य माझ्या जिभेवरच बसले. मैत्रिणींच्या घरी, मेसमध्ये, सहलीला, कोणी विचारायच्या आत मी ते म्हणून टाकायची. त्यात काही खोटे आहे असे मला वाटत नसे. आपला कोणाला त्रास नको, एवढेच.

टोकियोत चार दिवस काढून आम्ही ह्योगो प्रांतातल्या तांबा-सासायामा नावाच्या डोंगराळ भागात गेलो. काळ्या सोयाबीनसाठी हा भाग साऱ्या जपानात प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात त्याच्या हिरव्या, टपोऱ्या शेंगा तयार होतात आणि त्या घ्यायला लांबून माणसे येतात. मी लातूर जिल्ह्यातली, सोयाबीनमध्येच वाढलेली. बसच्या खिडकीतून ती शेते पाहिली आणि जपानला आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचे काहीतरी दिसले.

माझ्याबरोबर त्या घरी मिझोरामची एक मुलगी होती. घरात चार माणसे: आई-वडील, शाळकरी मुलगा आणि आजी. आईला आम्ही 'ओकासान' म्हणायचे ठरले आणि आजीला 'ओबाचान'. ओकासानला थोडे इंग्रजी येत होते, बाकीचे काम मोबाइलवरच्या भाषांतरावर चालत होते.

पहिल्या रात्री जेवण मांडले तेव्हा माझे डोळे भरून आले. भोपळा, वांगे, टोफू, मशरूम, हिरव्या शेंगा, छोट्या छोट्या वाट्यांत दहा-बारा पदार्थ. मग ओकासानने सांगितले की जपानी स्वयंपाकात जवळपास प्रत्येक रश्शाला वाळवलेल्या माशाचा अर्क लागतो. शाकाहारी पाहुणी येणार म्हणून ती चार दिवस समुद्री शेवाळ आणि सुके मशरूम उकळून त्याचा अर्क करून बघत होती. पहिले दोन बिघडले, तिसरा जमला. घरातले मासेही तिने शेजारी नेऊन दिले होते, वास नको म्हणून. मिझोरामच्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. तिला मासे जीव की प्राण. ती हळूच पुटपुटली, "तुझ्यामुळे मी दोन दिवस पाला खाणार."

जेवणानंतर भांडी उचलायला मदत करताना ओट्यावर एक बाटली दिसली. भोपळ्याच्या भाजीत ओकासानने तीच ओतली होती. मी सहज मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरला. मिरिन. तांदळाचे गोड मद्य. अल्कोहोल चौदा टक्के.

माझे हातपाय गार पडले. नकळत खाल्ले त्याची अल्लाहकडे माफी मागता येते, पण सकाळी काय करायचे? आता सांगावे, तर कालच का सांगितले नाही? शाकाहाराचा आणि दारूचा काय संबंध, हे तिला कसे समजवायचे? रात्री खोलीचे दार लावून घाईघाईने इशाची कसर नमाज पढले आणि विचार करत पडून राहिले. सकाळी नाश्त्याला बोलावले तेव्हा मी पोटावर हात ठेवला. "पोट दुखतंय."

एका खोट्याला दुसरे खोटे लागते, हे लहानपणापासून ऐकत आले होते. पण दुसऱ्या खोट्याचा भार तिसऱ्याच माणसावर पडतो, हे त्या दिवशी कळले. ओकासानचा चेहरा पांढरा पडला. आपल्या हातच्या जेवणाने परदेशी मुलगी आजारी पडली, असे तिने धरून चालले. तिने पातळ भाताची पेज केली, आंबट खारवलेले आलुबुखार आणले. शेतावर शेंगा काढायला जायचे होते, ते रद्द केले. मुलगा हिरमुसला. ओबाचान माझ्या उशाशी येऊन बसली आणि कपाळावर हात ठेवून बघू लागली. बाहेरच्या खोलीत ओकासान गटाच्या संयोजकांना फोन करत होती. भाषा कळत नव्हती, पण ती पुन्हा पुन्हा क्षमा मागत होती, एवढे कळत होते. ती माफी माझ्या खोट्यासाठी मागितली जात होती.

त्या वेळी दादी आठवली. लहानपणी मी शेजारच्या घरून आलेली मिठाई लपवून खाल्ली होती तेव्हा ती म्हणाली होती, "झूट बोलके खाया तो अंग को लगता नहीं, बेटा."

मी उठले, मोबाइल घेतला आणि सगळे लिहून काढले. मी मुसलमान आहे. मी शाकाहारी नाही. मासे, अंडी खाते. डुकराचे मांस आणि दारू आम्हाला मना आहे, पदार्थात घातलेलीही. बाकीचे मांस आमच्या पद्धतीने कापलेले लागते. तुम्हाला त्रास नको म्हणून मी अर्धेच सांगितले. माझे पोट दुखत नाही. मला माफ करा.

ओकासानने भाषांतर दोनदा वाचले. मला वाटले, ती रागावेल. तिने मान झुकवली आणि तीच म्हणाली, "सुमीमासेन." माफ कर. मिरिनबद्दल. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. मग ती आत गेली आणि वही-पेन घेऊन आली. समोर बसून एकेक विचारू लागली. अंडी? हो. मासे? हो. कोंबडी? इथली नको. सोया सॉस? तिने बाटली आणली, दोघींनी मिळून लेबल वाचले. त्यात अल्कोहोल होते. बाजूला ठेवली. शेल्फातून दुसरी काढली. ती चालली. रकाना तोच होता, पण आता विचारणारे माणूस समोर होते.

ओबाचानला हे सगळे उशिरा कळले. कळले तेव्हा ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला. मासे चालतात! आणि आम्ही घरातले मासे वाटून टाकले! संध्याकाळी शेजारणीकडून मासे परत आले. आपल्या बांगड्यासारखा मासा, नुसते मीठ लावून भाजलेला. मिझोरामच्या मैत्रिणीने तीन खाल्ले आणि मला माफ केल्याचे जाहीर केले.

त्या रात्री गप्पा खऱ्या अर्थाने सुरू झाल्या. ओबाचानने विचारले, तुझे गाव कुठे? मी नकाशावर किल्लारी दाखवली आणि सांगितले, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास तिथे भूकंप झाला. मी जन्मलेही नव्हते. दादी तहज्जुदसाठी उठून अंगणात वजू करत होती म्हणून वाचली, मागे घराची भिंत बसली. पुढे कितीतरी दिवस आमचे घर पत्र्याच्या शेडमध्ये होते. ओकासान बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मी कोबेची. १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहा. मी शाळेत होते. त्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. तिची एक वर्गमैत्रीण त्यांत होती. अर्ध्या दिवसापूर्वी मी या बाईशी पोटदुखीचे नाटक करत होते, आणि आता आम्ही दोघी एकाच पहाटेबद्दल बोलत होतो.

मगरिबची वेळ झाली तेव्हा मी दार लावले नाही. ओढणी अंथरून नमाजला उभी राहिले. तिसऱ्या रकातीनंतर गुडघ्यांवर बसले तेव्हा ओबाचान दारात होती. सलाम फेरल्यावर ती माझ्या बसण्याकडे बोट दाखवून आनंदाने म्हणाली, "सेइझा!" जपानी माणसे आदराने बसतात ती बैठक, पाय दुमडून, पाठ ताठ. मग ती आत गेली आणि निळ्या रंगाचे एक जुने चौकोनी कापड घेऊन आली. फुरोशिकी म्हणतात त्याला, वस्तू गुंडाळायला वापरतात. तिने ते जमिनीवर पसरून दाखवले. ओढणी नको, हे घे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दाट धुक्यात, ती सगळी रस्त्यावर उभी राहून आमची बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

आम्ही कोबेला निघालो होतो. भूकंपाचे संग्रहालय पाहून झाल्यावर संयोजक म्हणाल्या, कार्यक्रमात नसलेल्या एका ठिकाणी आपण जाणार आहोत. ओकासानने फोन करून त्यांना सांगितले होते की या मुलीला कोबेची मशीद दाखवा. ही जपानमधली पहिली मशीद. १९३५ मध्ये, तिथे व्यापारासाठी आलेल्या भारतीय मुसलमानांनी आणि तातार वगैरे इतर मुसलमानांनी वर्गणी काढून बांधलेली. १९४५ च्या बाँबहल्ल्यांत आजूबाजूचे शहर जळाले, ती उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही उभी राहिली. दोन मिनार, मधे घुमट आणि समोर साधा जपानी रस्ता. आमचा सगळा गट बाहेर बूट काढून आत आला. मी स्त्रियांसाठीच्या जागेत जोहरची नमाज पढले. ज्यांनी ही वर्गणी काढली असेल, त्यांनी परक्या शहरात दारोदार जाऊन आपण कोण आहोत हे आधी सांगितले असणार, हे मनातून जाईना.

बाहेर आल्यावर आमचे गटप्रमुख म्हणाले, "तू दिल्लीतच का नाही सांगितलंस? सोय झाली असती." मी काही बोलले नाही. खरेच झाली असती. विचारले होते त्यांनी. रकाना होता. खूण मीच दुसरीकडे केली होती.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की माणसांचे वेगवेगळे समूह आणि कबिले केले गेले ते एकमेकांना ओळखावे म्हणून. हे मी कितीदा वाचले होते, भाषणातही वापरले होते. पण ओळख दोन्ही बाजूंनी होत असते. समोरच्याने मला ओळखावे असे वाटत असेल, तर मीही त्याच्यासमोर आहे तशी यायला हवे. पाहुण्याचा मान राखायला आपल्याला शिकवले आहे, तसेच यजमानाला अडचणीत टाकू नये हेही पाहुण्याला शिकवले आहे. मी समजत होते की गप्प राहणे म्हणजे त्रास न देणे. खरे तर मी आधीच ठरवून टाकले होते की ही माणसे मला समजून घेणार नाहीत. हा त्यांच्यावरचा अविश्वास होता, आणि ज्यांनी मला कधी खोली नाकारली नव्हती त्यांच्यावर तो मी लादला होता.

पुण्यातल्या त्या तीन घरांना मी विसरलेले नाही. ती दारे बंद झाली होती, हे खरे आहे आणि त्यात माझा दोष नव्हता. सगळीकडे सगळे सांगून टाका, असे मी कोणाला म्हणणार नाही. मुलगी एकटी परक्या शहरात असते तेव्हा तिला चार गोष्टी तोलाव्या लागतात. पण बंद दाराची भीती घेऊन उघड्या दारातही वाकूनच शिरायचे, ही सवय मी सोडायची ठरवली आहे. आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी, स्पर्धांसाठी, अशा कार्यक्रमांसाठी लांब जात आहेत. निघताना त्यांना जानमाज आणि औषधे देतो, तसे हेही सांगावे की बेटा, विचारले तर सरळ सांग.

निळे कापड दादीला दाखवले तेव्हा तिने ते हातात घेऊन पोत पाहिला, सारी हकीकत ऐकली आणि विचारले, "फिर उस बाई को तूने क्या दिया?" मी दिले होते लातूरहून नेलेल्या हातमागाच्या दोन टॉवेलांची जोडी. दादीला ते कमी वाटले. आता ती ओबाचानसाठी गोधडी शिवते आहे.

मागच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या एका शिबिराचा अर्ज आला. त्यात जेवणाचा रकाना होता, पण पर्याय दोनच: व्हेज, नॉनव्हेज. मी दोन्ही सोडून खालच्या कोऱ्या जागेत लिहिले: मासे, अंडी, भाज्या चालतात. मांस हलाल असेल तरच. काही शंका असल्यास मला विचारावे. आणि पुढे माझा मोबाइल नंबर दिला.