पाऱ्याची वही

भवानीनगरला आमच्या घराच्या पडवीत उत्तरेकडच्या भिंतीवर एक तापमापी टांगलेली असे. अण्णा रोज दुपारी अडीचला पारा बघून वहीत लिहीत. त्यांची कारखान्यात दिवसपाळी असली की आई लिहायची. अण्णा अर्ध्या अंशापर्यंत वाचत, आई पूर्ण आकडा टाकून मोकळी व्हायची. शाळेत असताना मला त्या वहीत एकाच गोष्टीचं अप्रूप होतं: मे महिन्यात पारा ४२ ला टेकला की नाही.

पुण्याला शिकायला गेल्यावर वेधशाळेतली पांढरी, झडपांची लाकडी पेटी पाहिली. जमिनीपासून चार-पाच फूट उंच, दार उत्तरेला, वारा आरपार जाईल पण ऊन आत शिरणार नाही अशी. आमच्या पडवीतली भिंत मात्र दिवसभर तापायची, म्हणजे अण्णांचा आकडा आणि वेधशाळेचा आकडा शेजारी मांडण्यात अर्थ नव्हता. पण भिंत तीच आणि वेळ तीच असेल, तर अण्णांच्या आकड्याची तुलना अण्णांच्याच जुन्या आकड्याशी करता येते. तापमानवाढीचा सगळा हिशेब असाच चालतो. प्रत्येक ठिकाणाचं आजचं तापमान त्याच ठिकाणाच्या सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे, ते बघायचं.

लोक विचारतात, पुण्याचा उच्चांक ४३.३ अंशांचा, तोही ३० एप्रिल १८९७ चा. मग तापमान वाढलं कुठं? २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ पर्यंत जाऊनही तो उच्चांक मोडला नाही, हे खरं. पण एका दिवसाचा पारा त्या दिवशी वारं कुठून आलं, ढग होते की नाही, एवढंच सांगतो. हवामानाबद्दल विचारायचं तर तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या लावाव्या लागतात. तिथं आईचा पूर्ण आकडा आणि अण्णांचा अर्धा अंश यांतला फरक उरत नाही. चुका कधी वर, कधी खाली होतात आणि हजारो नोंदींत एकमेकींना खाऊन टाकतात.

एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र कितीही वर्षं नोंदी केल्या तरी जात नाही. आमच्या भागाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे. माळावर ऊस उभा राहिला की पानांतून सतत वाफ जाते आणि दुपार थोडी सौम्य होते. पुण्यात उलट: सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतात, रात्र गार होत नाही. उसातली तापमापी तापमानवाढ झाकेल, शहरातली ती फुगवेल. म्हणून शेजारच्या हवामान-ठाण्यांशी ताडून बघतात. एकाच ठिकाणी आकडा अचानक उडी मारत असेल आणि भोवतालची ठाणी जागच्या जागी असतील, तर बदल त्या पेटीपाशी झालेला असतो. अशी चाळणी लावूनही १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलेलं दिसतं. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश वर. समुद्राचा पृष्ठभागही तापतो आहे, आणि तिथं ना शहर आहे, ना डांबर.

अण्णा गेल्यावर त्यांच्या वह्या मी संगणकावर उतरवल्या. एका उन्हाळ्यापासून आकडे एकदम चढलेले दिसले. त्याच पानाच्या समासात अण्णांचं अक्षर होतं: ‘पडवीला पत्रा टाकला. मापी आतल्या खांबावर.’ पुढं कुठंतरी उसाची नोंद: ‘मागच्या पट्टीत आडसाली लागण.’ त्या ओळींपाशी मी नोंदीचे तुकडे पाडले. एका घराच्या वहीवरून हवामान बदललं, असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण समासातले ते शेरे नसते, तर पत्र्याची ऊब मी तापमानवाढ म्हणून मोजली असती.

आता स्वयंचलित केंद्रं आली आहेत. माणूस झोपला, आजारी पडला तरी नोंद चुकत नाही, हे चांगलंच. मात्र शेजारी शेड उभं राहिलं, झाड तोडलं, कालव्याला आवर्तन नव्हतं, हे यंत्र लिहीत नाही. ते कुणीतरी तारखेसह लिहायलाच हवं. आणि नवं यंत्र बसवलं म्हणून जुनं त्याच दिवशी काढू नये. दोन्ही निदान वर्ष-दोन वर्षं शेजारी-शेजारी चालवावीत, म्हणजे दोन्हींतला फरक हाती येतो आणि जुन्या नोंदींची साखळी नव्याशी जोडता येते. ती एकदा तुटली की मागची वर्षं पुन्हा मोजता येत नाहीत.