साल

कानडीत ‘साल’ म्हणजे कर्ज. वाण्याने ‘साल एष्टु?’ विचारले की आमच्या बेळगावकडची पोरे चालू वर्षाचा आकडा सांगून मोकळी व्हायची. सरकारी अंदाजपत्रकात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्या साली तूट, त्या साली साल वाढलेच!

ट्रेझरीत नोकरी झाल्यामुळे ‘काटकसर’ या शब्दाचा मी थोडा धसकाच घेतला आहे. मार्चअखेर हात आखडता घ्या, असा तोंडी निरोप यायचा. पगार थांबवता येत नाही, पेन्शन नाही, व्याज तर मुळीच नाही. मग थांबायचे ते शाळेच्या छपराचे, रस्त्याच्या खडीचे बिल. ज्याच्या मागे युनियन नाही, त्याला कात्री. देशातही १९९१ नंतर तूट आवरताना भांडवली खर्चालाच मोठी झळ लागली.

म्हणून कर्नाटकाने २००२ मध्ये केलेल्या कायद्याचे (सीमाप्रश्न बाजूला ठेवून बोलतो) मला अप्रूप वाटले. केंद्राचा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मार्च २००६ पर्यंत महसुली तूट शून्य करायची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायचे नाही. ती २००४-०५ मध्येच मिटली. खर्च घटला नव्हता बरे; उत्पन्न खर्चापुढे धावले, इतकेच. संसारातही याहून वेगळे कुणाला जमले आहे?

२०२३-२४ च्या अंदाजपत्रकात पुन्हा साडेबारा हजार कोटींची महसुली तूट दाखवली गेली. गृहलक्ष्मीचे महिना २००० रुपये, बायकांना फुकट बस. पलीकडे चंदगडला दिलेल्या धाकट्या बहिणीला २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे १५००. आमच्या कट्ट्यावरचे पेन्शनर याला खैरात म्हणतात. मला ते पटत नाही. आमचा महागाईभत्ता वर्षातून दोनदा वाढतो, त्याला कुणी खैरात म्हटलेले ऐकले नाही. बहीण त्या पैशांतून बीपीच्या गोळ्या आणते.

खर्चाची वाढ रोखायची तर पगार, पेन्शन, व्याज या जाड आकड्यांनाच हात घालावा लागतो. तो घातला गेला, पण पुढच्या पिढीपुरता. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून नोकरीला लागलेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली. माझा मुलगा त्यातलाच. पगारातले दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते आणि शेवटी हाती काय येईल ते बाजारावर.

“बाबा, तुमची पेन्शन माझ्या पगाराला गाठायला आली,” तो परवा हसत म्हणाला. मी काही बोललो नाही. सूनबाईने ताटे वाढली होती.