चोवीस तासांची मुलगी

मागच्या दिवाळीत चारठाण्याला गेले होते. दुपारी बारवेच्या पायऱ्यांवर बसलेलो असताना मामेबहिणीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. पुण्यातल्या एका एजन्सीचा मेसेज होता: बाळ सांभाळायला चोवीस तासांची मुलगी पाहिजे, राहणं-खाणं मालकाकडं, महिना १८ हजार.

"ताई, जाऊ का?"

"येडी झालीस का? लोकाच्या घरी कामाला?" माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

ती गप्प बसली. मला वाईट नंतर वाटलं. कारण हिंजवडीत आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच विषय उलट्या बाजूनं येत असतो. 'कुणाकडे चांगली नॅनी आहे का? गावाकडची असेल तर बरं, सारख्या मोबाईलमध्ये नसतात त्या.' मीसुद्धा दोनदा नंबर शोधून दिलेत. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बहिणीनं बाळ सांभाळलेलं मला चालत होतं.

तिला जमेल का, हा प्रश्नच नव्हता. मामी अंगणवाडीत मदतनीस, आणि ही लहानपणापासून तिच्या मागंमागं. एक पोर कडेवर, दुसऱ्याचं नाक पुसायचं, तिसऱ्याला भरवायचं, हे मी कितीदा पाहिलंय. माझ्याकडं दिलेलं मूल पाच मिनिटांत रडतं. बीएचं शेवटचं वर्ष तिला बाहेरून द्यायचं होतं. घरात लग्नाची बोलणी चालू होती, ती निदान दोन वर्षं पुढं ढकलायची होती. स्वतःचे पैसे असले तर ढकलता येतील, असा तिचा हिशोब.

"मग अंगणवाडीतच लाग ना."

"जागा निघाली तर. आन् आईला पगार कुठंय ताई? मानधन हाय."

शब्द तिनं बरोबर पकडला. १९७५ पासून ही योजना चालू आहे, तरी पोरं सांभाळण्याला अजून पगार म्हणत नाहीत. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभर संप सुरू झाला तेव्हा मामीही गेली होती मोर्चाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं, म्हणजे लहान मुलांबरोबर काम करायला शिकावं लागतं हे आपल्याला नवीन नाही. इंग्लंडात तर नॅनी तयार करणारं नॉरलँड कॉलेज १८९२ पासून आहे, आता तिथं पदवी मिळते. आपल्याकडं मात्र हे बाईला येतच असतं, आणि जे येतच असतं त्याचे पैसे कशाला!

रात्री मी एजन्सीला फोन लावला.

सुट्टी? "महिन्याला दोन." रात्री बाळ उठलं तर? "मॅडम, चोवीस तास म्हणजे चोवीस तास." पहिल्या महिन्याचा पगार? तो कमिशनमध्ये. लेखी करार? "आपण विश्वासावर काम करतो."

मी गणित केलं. २८ दिवस, ६७२ तास. तासाला २७ रुपयेसुद्धा पूर्ण नाहीत. माझ्या कंपनीचा सर्व्हर रात्री बंद पडला तर उठण्याचे मला वेगळे पैसे मिळतात. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा; बाळ रात्री किती वेळा उठेल हे तो विचारत नाही.

"त्यापेक्षा पाळणाघरात बघू," मी तिला म्हणाले. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायद्यात आहे. ठरलेले तास, संध्याकाळी सुट्टी. "पगार कमी मिळेल, पण राहा माझ्याकडं."

"तुझ्याकडं राहिले की तुझ्या घरचं करावं लागंल ना मला. त्याचं तर मानधन बी नाही."

ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही, कारण तसंच झालं असतं.

सकाळी तिनं वहीच्या पानावर अटी लिहून आणल्या. रविवारी सुट्टी. रात्री दहा ते सहा झोप. मोबाईल माझ्याजवळ राहील. पैसे माझ्या खात्यावर. परीक्षेला पंधरा दिवस. एजन्सीला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'बघतो.'

तोच फोटो मी टीमच्या ग्रुपवर टाकायला घेतला. वर लिहिलं, 'माझ्या मामेबहिणीच्या अटी.' 'मामेबहिणीच्या' खोडलं. 'ओळखीतल्या मुलीच्या' केलं. परत 'मामेबहिणीच्या' लिहिलं आणि पाठवून दिलं.

पहिला रिप्लाय लगेच आला.

'मग रविवारी कोण बघणार?'