उकडीची भुते आणि साखरेचे प्रमाण

मुलांच्या भुताटकीच्या मेजवानीसाठी जे गोड पदार्थ केले जातात त्यांत साखर केवळ चवीपुरती नसते, तर पदार्थ उभा राहतो तोच तिच्या आधारावर. आणि हे पदार्थ हलके करू पाहणाऱ्याला ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचे जे खाद्यरूप बेकऱ्यांच्या व मोबाइलवरील चित्रफितींच्या वाटेने पुण्याच्या गृहसंकुलांत शिरले, त्यातील भूत फाँडंटचे, म्हणजे साखर मळून लाटलेल्या लगद्याचे असते. कोळ्याचे जाळे आयसिंगचे, म्हणजे पिठीसाखर घोटून केलेल्या लेपाचे असते. आणि हाडे मार्शमेलोची, म्हणजे साखरेचा पाक जिलेटिनबरोबर फेटून फुगवलेल्या मिठाईची असतात. अशा पदार्थातील साखर निम्मी केली तर तो कमी गोड होत नाही, तो ढासळतो. त्यामुळे साखरेऐवजी आकार धरून ठेवील असे दुसरे द्रव्य हवे, आणि ते मराठी स्वयंपाकघरात आयते असते, असे लवासातील एका मेजवानीच्या तयारीत प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवास आले.

मुळशी तालुक्यातील दासवे गावाच्या परिसरात, मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी वसवलेले लवासा या कामी दोन कारणांनी सोयीचे ठरले. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीनंतर ज्याचे बांधकाम थांबले आणि २०१८ मध्ये ज्याची विकासक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्या या नियोजित नगरात अर्धवट राहिलेल्या इमारती ठिकठिकाणी उभ्या असल्याने वातावरणनिर्मितीसाठी निराळी सजावट करावी लागली नाही. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते: सजावटीच्या तयार मिठाया पिरंगुटवरून टेमघरचा घाट चढवून आणाव्या लागणार असल्याने, घरात आणि तालुक्यात जे मिळते त्यावरच भागवण्याचे ठरले.

हलकेपणाची कसोटी मात्र नेमकी ठरवून घेणे आवश्यक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुक्त साखर, म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांचा रस यांत असणारी साखर, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांहूनही कमी असावी. दिवसाला १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाचा हिशेब केला तर ५ टक्के म्हणजे ८० किलोकॅलरी, अर्थात सुमारे २० ग्रॅम साखर होते, आणि आयसिंग थापलेला एकच कपकेक ती मर्यादा सहज गाठू शकतो. गूळ घातला की पदार्थ पौष्टिक झाला, हा आपल्याकडचा लाडका समज येथे उपयोगी पडत नाही. गूळही मुक्त साखरेतच मोडतो आणि वजनास वजन धरले तर त्याची ऊर्जा साखरेच्या जवळपास तेवढीच भरते. अख्ख्या फळातील साखर मात्र या व्याख्येत येत नाही, आणि सगळा बेत या एका सवलतीवर आखण्यात आला.

मेजवानीचा मुख्य पदार्थ उकडीचे भूत हा होता. मुळशी-मावळ पट्ट्यात पिकणारा आंबेमोहोर हा आखूड दाण्याचा, सुवासिक तांदूळ शिजल्यावर मऊ व चिकट होतो, म्हणून त्याच्या पिठीची उकड लवचीक निघते. पिठीइतकेच पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ व चमचाभर तूप घालून, पाण्याला उकळी फुटताच पिठी वैरली, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून उकड मळून घेतली. मोदकात पारीच्या कळ्या वर मिटून नाक काढले जाते. येथे उलट केले. ओले खोबरे, थोडा खजूर आणि वेलची यांच्या सारणाची उभट गोळी ताटलीत ठेवून पातळ पारी तिच्यावर वरून सोडली आणि खालच्या कडेला बोटांनी चुण्या घातल्या. त्या चुण्यांमुळे पांघरलेल्या चादरीचा भास आपोआप साधला. डोळ्यांसाठी काळे तीळ वाफवण्याआधीच टोचावेत, कारण ओल्या उकडीत ते रुतून बसतात. तोंडासाठी काळ्या मनुकेचा तुकडा मात्र वाफवल्यानंतर लावावा, नाहीतर वाफेने त्याचा रंग उतरून भुताच्या गालावर ओघळ येतात. (काही भुतांना असे ओघळ मुद्दाम येऊ दिले, आणि मुलांनी तीच आधी उचलली.) यांतल्या काहींना मनुकेच्या पट्टीची शेंडी लावून मुंजा केले. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, लग्नाआधी मरण पावलेल्या मुलाचे, पिंपळावर राहते असे मानले जाणारे भूत. गणपतीच्या नैवेद्याच्या उकडीचे भूत करण्यास घरातील आजींचा आक्षेप होता. मात्र मोदकाचे नाक येणार नाही, असे कबूल केल्यावर त्या स्वतः चुण्या घालायला बसल्या, आणि सर्वांत सुबक भुते त्यांच्याच हातची निघाली.

रक्ताचा प्रश्न चायना ग्रासने सोडवला. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ जिलेटिनप्रमाणे प्राणिज नसल्याने शाकाहारी घरांत चालतो, आणि एकदा घट्ट झालेली त्याची जेली खोलीच्या उष्णतेने वितळत नाही. बीट उकडून त्याच्या पाण्यात आमसुले भिजत घातली असता आम्लतेमुळे बीटाचा लाल रंग टिकतो. परंतु आंबट द्रवात चायना ग्रास उकळल्यास त्याची पकड सैल पडते, म्हणून ते साध्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे, आच बंद करावी आणि मगच हा लाल रस मिसळावा. गोडीसाठी एका वाटीस चमचाभर गूळ पुरला. कोकमाच्या आंबटपणामुळे अधिक गोडाची अपेक्षाच राहत नाही.

बाकीचे पदार्थ थोडक्यात सांगता येतील. लाल भोपळ्याच्या घारग्यांचेच पीठ थोडे सैल करून, तळण्याऐवजी आप्पेपात्रात थेंबभर तेलावर भाजले आणि सुरीने तोंडे कोरली. नाचणीच्या बिस्किटांना पावलांचा आकार देऊन, बदामाच्या कापांची नखे लावून ती ताटात उलटी मांडली, कारण हडळीची पावले उलटी असतात असा समज आहे. ऑक्टोबरअखेर सीताफळाचा हंगाम असल्याने बिया काढलेला गर चक्क्यावर मांडून ‘मेंदू’ केला. त्यात साखरेचा कणही नव्हता आणि सर्वांत जास्त किंकाळ्या त्यालाच पडल्या. गोकर्णीच्या निळ्या फुलांचे पाणी लिंबू पिळताच जांभळे होते, ते ‘चेटकिणीचे पाणी’ म्हणून दिले. त्यातील रंगद्रव्य आम्लात रंग बदलते, हे मोठ्या मुलांना तेथेच समजावून सांगता आले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण मुलांच्या ओळखीची असल्याने परदेशी चेटकिणीची उणीव कोणास भासली नाही.

काळ्या रंगासाठी हल्ली सुचवला जाणारा सक्रिय कोळसा मात्र पूर्णपणे टाळावा. तो पोटातील औषधे शोषून घेतो, आणि पाहुण्या मुलांपैकी कोण कोणते औषध घेत आहे हे यजमानास ठाऊक नसते. काळे तीळ आणि कोको एवढ्यावर भागते. डोळे म्हणून अख्खी द्राक्षे ठेवण्याची चाल आहे, तीही पाच वर्षांखालील मुलांसाठी घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची असल्याने द्राक्षे नेहमी उभी चिरून द्यावीत. उकडीची भुते वाढण्याच्या थोडी आधीच वाफवावीत, कारण गार झालेली पारी कडक होऊन तिला चिरा जातात. सारण आणि जेली मात्र आदल्या रात्री करून ठेवण्यास हरकत नाही.