मधला पडदा

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत नाटक कंपन्यांजवळ रस्त्याचा एक पडदा असे. मागें राजवाडा उभारावयाचा असला कीं हा पडदा खालीं येई आणि त्याच्यापुढें दोन किरकोळ पात्रें कांहींतरी विनोद करीत. प्रेक्षक हंसत, मागून ठोकाठोक ऐकूं येई. त्याबद्दल कोणी रागावल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. राजवाडा हवा तर सुताराला अवधि दिला पाहिजे, हें सर्वांना मान्य होतें.

संगणकावर संसाराचे जे खेळ खेळतात, त्यांत हा रस्त्याचा पडदा अजून आहे. त्याला लोडिंग स्क्रीन म्हणतात, आणि ह्या पडद्यावर मात्र प्रेक्षक भारी चिडतात.

माझी मुलगी शाळेंत असल्यापासून 'द सिम्स' खेळत आली आहे. विल राइट ह्या अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ २००० सालीं निघाला. १९९१ सालीं ओकलंडच्या टेंकड्यांवर लागलेल्या आगींत राइट ह्यांचें घर जळालें, आणि नव्यानें संसार मांडतां मांडतां ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली. ह्यांत युद्ध नाहीं, शत्रु नाहीं. चिमुकल्या माणसांना जेवूं घालावें, नोकरीला लावावें, त्यांचीं लग्नें करून द्यावीं आणि भिंतींचे रंग बदलावे, एवढेंच. मूळ खेळांत शेजाऱ्याकडे जाण्याचीसुद्धां सोय नव्हती. २००४ सालच्या दुसऱ्या भागांत माणसें बाजारांत जाऊं लागलीं, पण मध्यें पडदा पडे. त्या पडद्याची एक गंमत होती. बाजारांत चार तास घालवून परत यावें, तों घरचें घड्याळ निघतांना होतें तेथेंच! शेजारचीं कुटुंबेंही तशींच. आपण त्यांच्याकडे वळलों नाहीं, तर त्यांचीं मुलें जन्मभर पाळण्यांतच राहात.

२००९ सालच्या तिसऱ्या भागानें पडदा काढून टाकला. सबंध गांव एकदम उघडें झालें. अंगणांतून निघावें तें थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत अखंड जावें. आपण इकडे स्वयंपाक करीत असतां पलीकडच्या आळींत कोणी म्हातारें होत असे, कोणाचें जमलेलें लग्न मोडत असे. ह्याची किंमत बिचाऱ्या संगणकाला मोजावी लागे. खेळ जितका लांबे तितका तो अडखळे; आणि कितीही मोठें यंत्र आणलें, तरी विंडोजवर त्या खेळाला चार गिगाबाइटांपलीकडची स्मृति वापरतां येत नसे. शिवाय कचेरी, शाळा, किराणा दुकान ह्यांच्या आंत डोकावण्याची सोय नाहींच. माणूस दारांतून नाहींसा होई आणि आपण बाहेरची भिंत पाहात राहावें. खेळणारे त्या इमारतींना सशाचीं बिळें म्हणत, तें मला फार आवडलें.

२०१४ सालच्या चौथ्या भागांत पडदा परत आला. आतां नुसतें शेजारच्या घरांत पाऊल टाकायचें तरी थांबावें लागतें. "बाबा, वीस पावलांवरचें घर! हांक मारली तर ऐकूं जाईल, आणि तुम्ही म्हणतां थांब?" मुलीचा हा संताप मला समजतो, पण ह्या भागांतलीं माणसें जेवतां जेवतां गप्पा मारतात, चहाच्या दुकानांत चांगली गर्दी करतात, हेंही मीं पाहिलें आहे. उघड्या गांवांत वणवण पुष्कळ होते आणि बसणें थोडें, असें मला त्या वेळीं वाटे. शिवाय थांबण्याची तक्रार वरवरची आहे. आपण नसतांना त्या घरांत काय चालतें, हा खरा प्रश्न.

मुलगी चार वर्षें हॉलंडांत नोकरीला आहे. ह्या दिवाळींत ती आली, तेव्हां स्वयंपाकघरांत कडप्प्याच्या ओट्याच्या जागीं ग्रॅनाइटचा ओटा होता. त्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. "मला कोणी सांगितलें नाहीं." तिची आई म्हणाली, "अग, त्यांत सांगायचें काय? जुना कोपऱ्याशीं चिरलाच होता." दुसऱ्या दिवशीं फराळाचें ताट घेऊन ती शेजारच्या आजींकडे गेली आणि दाराला कुलूप पाहून परत आली. आजी श्रावणांत गेल्याचें आम्हीं तिला फोनवर सांगितलें होतें. तिला तें ठाऊक होतें. ताट तिनें टेबलावर ठेवलें, वरचें कापड नीट केलें, आणि आम्हीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

खेळांत उघडें गांव मागणारी ही मुलगी घराच्या बाबतींत दुसऱ्या भागाची आहे. घर सोडून गेलेल्या कोणाला तसें वाटत नाहीं? मीं मिरज सोडली तेव्हां मलाही तेंच वाटत होतें.

उघड्या गांवाची मागणी कांहीं संपलेली नाहीं. पडद्यावांचून चालणारा संसार देऊं म्हणणारा 'लाइफ बाय यू' हा खेळ २०२४ च्या जूनमध्यें बाजारांत येण्यापूर्वींच गुंडाळला गेला. २०२५ च्या मार्चमध्यें कोरियांतून अपूर्णावस्थेंत आलेल्या 'इनझॉय'नें पुन्हां सबंध शहर मोकळें केलें आहे. मात्र त्याला यंत्रही तसेंच तालेवार लागतें. हें सर्व मुलीनें मला जातांना सामान बांधतां बांधतां सांगितलें, आणि सहज एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या भागांत गांव आपोआप पुढें चालण्याची जी व्यवस्था होती, ती बंद करतां येत असे. तिच्या आवडीचें एक शेजारचें कुटुंब एका रात्रींत बिऱ्हाड हलवून गेलें, निरोपसुद्धां न घेतां. म्हणून तिनें ती व्यवस्था त्या आठवड्यांतच बंद करून टाकली. वय वाढणेंही बंद केलें. तो खेळ आमच्या कपाटांतल्या जुन्या संगणकांत तसाच आहे. सुरू व्हायला संगणक हल्लीं पांच मिनिटें घेतो. तो भंगारवाल्याला देऊं नये, असें तिनें आईला दोनदां बजावलें आहे.