झाकणाच्या आतली खूण

जुन्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, की आतल्या बाजूला कधीकधी बारीक ओरखडे दिसतात. नख लागून उठले असावेत, इतके बारीक. डोळ्याला काच लावून पाहिलं की कळतं, ती अक्षरं आहेत. ज्या कारागिरानं घड्याळ खोललं, त्यानं सुईनं आपली खूण आणि महिना-साल कोरून ठेवलेलं असतं. ज्याच्या मनगटावर ते घड्याळ वीस-वीस वर्षं असतं, त्याला याचा पत्ताही नसतो.

माझ्या वडिलांची, अण्णांची खूण म्हणजे एक ‘द’ आणि त्यापुढं आकडे. ‘द 4-88’ म्हणजे एप्रिल 1988. साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडं एका जिन्याखाली आमचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन बाय पाच फुटांचं काचेचं कपाट आणि त्यामागं अण्णा. मी शाळेतून आलो की खालच्या पायरीवर बसायचो. झाकण लावायच्या आधी ते हाक मारायचे, “ये, खूण बघून घे.” मग तीच खूण, घड्याळाचं नाव आणि घेतलेले पैसे मी वहीत उतरवायचो. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं होतं, एवढंच कारण.

सर्व्हिसिंगचे तेव्हा 30 रुपये होते. त्यात घड्याळ पूर्ण खोलायचं, एकेक चाक पेट्रोलमध्ये धुऊन वाळवायचं, परत जोडायचं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल ठरल्या जागी द्यायचं. आमच्याकडं सगळ्यात जास्त यायची ती एचएमटीची ‘जनता’. रोज चावी द्यायची, 17 ज्वेलची. तिचा बॅलन्स तासाला 18,000 ठोके टाकतो, म्हणजे सेकंदाला पाच. जुनं तेल धुळीत मिसळून चिकट झालं की या ठोक्यांचा दम सुटतो. अशा वेळी वरून नवं तेल दिलं तर घड्याळ चार दिवस छान पळतं, पण आतली घाण तेलात कालवली जाते आणि झीज वाढते.

काम झाल्यावरही अण्णा घड्याळ दोन दिवस ठेवून घ्यायचे. निम्मी भांडणं याच दोन दिवसांवरून व्हायची. “आत्ता चालतंय ना? मग द्या की!” पूर्ण चावी दिलेलं घड्याळ साधारण दीड दिवस चालतं. तेवढ्या वेळात ते उताणं, पालथं, उभं ठेवून कुठं मागं पडतं का, हे बघायला लागतं. सुट्टीवर आलेल्या फौजीची गाडी परवाची असली, तर अण्णा त्याचं घड्याळ रात्री घरी आणायचे आणि उशाशी ठेवून झोपायचे. त्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत. यावरून आईचं आणि त्यांचं हमखास वाजायचं. “घाई त्यांची आणि डोळे तुमचे,” आई म्हणायची. मला अजूनही आईचंच बरोबर वाटतं.

अण्णांचा एक नियम होता. ओळखीखातर झाकण उघडून नुसती धूळ फुंकली, तर पैसे नाहीत आणि खूणही नाही. “ज्याचे पैसे घेतले नाहीत, त्याचं नाव कशाला लावायचं?” मला हा हिशेबीपणा वाटायचा. पुढं कॉलेजात ग्राहक संरक्षण कायदा वाचला. 1986 चा असो की त्याच्या जागी आलेला 2019 चा, मोबदला न घेता केलेलं काम ‘सेवा’ या शब्दात बसतच नाही. अण्णा सातवी शिकलेले. कायदा त्यांच्याच बाजूनं निघाला.

पण एकदा त्यांचाही नियम घसरला. एक निवृत्त हेडक्लार्क होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय ज्यांना घरी जाववत नाही, त्या जातकुळीतले. तीस रुपये ऐकून ते काउंटरवर कोपर टेकून अर्धा तास उभे राहिले. पलीकडचा पंधरात करतो, तुमच्या वडिलांपासूनची ओळख, आम्ही पेन्शनीवरची माणसं. मागं तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी अण्णा म्हणाले, “बरं, अठरा द्या.” त्यांनी झाकण उघडलं, चार ठिकाणी तेल टेकवलं आणि लावून टाकलं. वहीत काय खूण लिहू, म्हणून मी विचारलं. ते काही बोलले नाहीत.

चार महिन्यांनी भाऊसाहेब आले ते ओरडतच. रस्त्यावरची माणसं थांबली. अण्णांनी झाकण काढलं, आत बघितलं. झाकण कोरं होतं. ‘हे माझं कामच नाही’ असं म्हणायला ते मोकळे होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही अठरा दिले, मी अठराचंच काम केलं. चूक माझी, मी तीसच सांगायला पाहिजे होते. पूर्ण करून देतो. राहिलेले बारा द्या.” भाऊसाहेब आणखी पाच मिनिटं बोलले आणि बारा रुपये मोजून गेले. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: द 9-88, 18 + 12. ती वही माझ्याकडं आहे.

नंतर क्वार्ट्झ आलं. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, पण आमच्या दुकानात उरलं काय, तर सेल बदलणं. “सेलच तर टाकायचाय, दोन मिनिटांचं काम, त्याला एवढे?” ही कटकट चावीच्या घड्याळांच्या काळात एवढी नव्हती. तेव्हा चाळीस सुटे भाग टेबलावर पसरलेले दिसायचे, पैसे डोळ्यांना पटायचे. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा अण्णा नव्हते. आता तीच ‘जनता’ हौशी माणसं भाव न करता घेतात.

मी पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या धंद्यात सुई नाही, तांदळाच्या दाण्याएवढं स्टिकर आहे. त्यावर तारीख असते, काढायला गेलं की फाटतं. ते मी आतल्या स्क्रूवर लावतो. माझं आणि अण्णांचं एका बाबतीत जमत नाही: मी नुसतं बघायचेही 200 रुपये घेतो. बिघाड शोधण्यातच तास जातो, आणि शोधून दिल्यावर माणूस “घरी विचारून सांगतो” म्हणून दुसरीकडं जातो. शिवाय ‘तेव्हापासून’वाले आहेतच. कीबोर्ड बदलून दिला, ‘तेव्हापासून’ कॅमेरा चालत नाही. आधीच्या भाडेकरूनं ग्राहकाच्या थोरवीचं गांधीजींच्या नावावरचं एक पोस्टर भिंतीवर सोडलं होतं. एका ‘तेव्हापासून’वाल्यानं त्याकडं बोट दाखवलं. पोस्टरखाली छापलं होतं, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, 1890. गांधीजी तिथं पोचले 1893 मध्ये. मी पोस्टर काढून ठेवलं. भांडण मात्र तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतो. पंखा साफ करणं, हीटसिंक उचलून वाळलेली पेस्ट पुसणं, नवी लावणं, मिळून बाराशे. तो आठशेवर अडून बसला. सबमिशन उद्या होतं, चेहरा रडवेला होता, आणि मलाही जेवायला जायचं होतं. मी हो म्हटलं. खालचं झाकण काढून ब्लोअर मारला, धुळीचा ढग उडाला, पंख्याचा आवाज उतरला. पोरगं खूश होऊन गेलं.

टेबल आवरताना स्टिकरचा रोल हाताला लागला. त्या दिवसाचं एक स्टिकर तारीख घालून तयार होतं, लावायचं राहिलेलं.

मी त्याला फोन केला. म्हटलं, “काम अर्धंच झालंय. सबमिशन झालं की घेऊन या.”

“म्हणजे परत पैसे घेणार?”

“हो,” मी म्हटलं, “राहिलेले चारशे.”